पहिला पहारा घरच्या डॉक्टरांचा

दरवर्षी ४ फेब्रुवारीला जागतिक कर्करोग दिन येतो आणि ७ नोव्हेंबरला राष्ट्रीय कर्करोग जागरूकता दिन. ठाणे, कल्याण, डोंबिवली या शहरांत त्या सुमारास फलक लागतात, व्याख्याने होतात, स्थानिक डॉक्टरांच्या पुढाकाराने शिबिरेही भरतात. हे सारे स्वागतार्हच आहे. पण दिन सरतो, फलक उतरतो, आणि ज्या गृहिणीच्या स्तनात न दुखणारी गाठ आहे, तिची गाठ तशीच राहते.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात देशात सुमारे १४ लाख ६१ हजार नव्या कर्करुग्णांची भर पडली. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते की, ३० ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी आयुष्यात एकदा तरी करून घेतलेल्या स्त्रिया अवघ्या १.९ टक्के आहेत. स्तन आणि मुखाच्या तपासणीचे प्रमाण तर एक टक्काही नाही. वास्तविक मुख, स्तन आणि गर्भाशयमुख या तिन्ही ठिकाणचा रोग डोळ्यांनी पाहून आणि हातांनी चाचपून लवकर ओळखता येतो. त्यासाठी प्रथम महागडे यंत्र लागत नाही. मग अडते कोठे?

उशीर घरातच होतो

अडते ते बहुधा घराच्या उंबरठ्याच्या आत. पहाटेची लोकल पकडून मुंबईला जाणारा आणि रात्री नऊला परतणारा नोकरदार तोंडातला व्रण रविवारी दाखवू म्हणतो, आणि रविवारी दवाखाना बंद असतो. गृहिणीचे पंचांग तर वेगळेच. मुलाची दहावी होऊ दे, सासूबाईंचे मोतीबिंदूचे ऑपरेशन आटपू दे, गणपती पार पडू देत. मग आपले बघू, असे म्हणता म्हणता वर्ष उलटते. शौचावाटे रक्त पडले की ती मूळव्याधच असणार, असे घरातल्या घरात ठरते. गाठ दुखत नाही, म्हणजे काळजीचे कारण नाही, असेही ठरते. प्रत्यक्षात स्तनाच्या कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. आणि ‘गाठीला सुरी लागली की रोग पसरतो’ हा जुना गैरसमज सुशिक्षित घरांतूनही गेलेला नाही.

या साऱ्यांच्या मुळाशी दोन गोष्टी आहेत : भीती आणि संकोच. त्यांतला संकोच स्त्रियांच्या बाबतीत अधिक घातक ठरतो. रजोनिवृत्तीनंतर पुन्हा अंगावर जाऊ लागले, दोन पाळ्यांच्या मध्येच रक्तस्राव झाला, दुर्गंधीयुक्त पांढरे पाणी जाऊ लागले, तर ते सांगायचे कोणाला? कल्याण शहराला या प्रश्नाची ओळख नवी नाही. ३१ मार्च १८६५ रोजी याच शहरात जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांनी १८८३ साली श्रीरामपूर येथील जाहीर भाषणात अमेरिकेला वैद्यक शिकायला जाण्याचे कारण मांडले, ते हेच होते. पुरुष डॉक्टरांपुढे दुखणे सांगायला न धजावणाऱ्या येथील स्त्रियांना स्त्री डॉक्टरांची गरज आहे, अशी त्यांची भूमिका होती. १८८६ साली त्या पेनसिल्व्हेनियातून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या आणि पुढच्याच वर्षी क्षयाने गेल्या. आज कल्याण-डोंबिवलीत स्त्री डॉक्टरांची वाण नाही. संकोच मात्र अजून पुरता गेलेला नाही.

बार्शीने घालून दिलेला धडा

केवळ लक्षणे सांगून, समजावून काय साधणार, अशी शंका पुष्कळांना येते. तिचे उत्तर सोलापूर जिल्ह्यातील बार्शीने कधीच दिले आहे. तेथे १९८७ साली बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांसाठी ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जात, लोकांना रोगाची लक्षणे समजावून देत आणि संशयित रुग्णाला बार्शीच्या रुग्णालयात तपासणीसाठी जाण्यास प्रवृत्त करीत. काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी लवकरच्या अवस्थेत येणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय वाढले. १९९५ साली हे निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्यासाठी घरोघर सरसकट चाचण्या कराव्या लागल्या नाहीत. विश्वासाचा माणूस दारी गेला आणि समजेल अशा भाषेत बोलला, एवढ्यानेच हा फरक पडला.

पुढे याच परिसरात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, सव्वा लाखाहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. एचपीव्ही विषाणूची एकच चाचणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आल्याचे २००९ मध्ये जगापुढे आले. मुंबईच्या वस्त्यांत टाटा रुग्णालयाने १९९८ पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात तपासणी करणाऱ्या होत्या प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्यसेविका. सौम्य ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी गर्भाशयमुख पाहायचे, इतकीच पद्धत. पण त्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. हाताने केलेल्या स्तनतपासणीमुळे पन्नाशीपुढील स्त्रियांमधील स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२१ मध्ये दिसून आले. केरळमध्ये तंबाखू वा मद्याचे सेवन करणाऱ्यांची मुखतपासणी केल्याने मृत्यूंत सुमारे एकतृतीयांश घट झाल्याचे २००५ सालीच सिद्ध झाले होते.

जे बार्शीच्या खेड्यात आणि मुंबईच्या झोपडपट्टीत घडू शकते, ते नौपाड्यात, टिळकनगरात वा कल्याणच्या जुन्या गावठाणात का घडू नये?

दवाखान्यात काय व्हावे?

येथेच घरच्या डॉक्टरांचे स्थान येते. तीन पिढ्यांची नाडी ज्याच्या हाताखालून गेली आहे, त्या डॉक्टरला त्या घरात कोण मशेरी लावते, कोणाच्या खिशात गुटख्याची पुडी असते आणि कोणाच्या मावशीला स्तनाचा कर्करोग झाला होता, हे ठाऊक असते. राज्यात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. पुडी मात्र मिळतच राहिली. ताप-खोकल्यासाठी आलेल्या अशा रुग्णाला ‘जरा आ करा’ म्हणून टॉर्चच्या उजेडात गालाची आतली बाजू पाहायला एक मिनिट लागते. पांढरा वा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, पूर्ण न उघडणारे तोंड, यांपैकी काही दिसले तर रुग्णाला त्याच दिवशी तज्ज्ञाकडे चिठ्ठी द्यावी. बसलेला आवाज, गिळताना होणारा अडथळा, थुंकीतून पडणारे रक्त, कारणावाचून घटणारे वजन, आकार वा रंग बदलणारा तीळ, हे प्रश्नही डॉक्टरांनी आपणहून विचारावेत. रुग्ण सांगेल तेव्हा ऐकू, ही वृत्ती येथे उपयोगाची नाही.

चिठ्ठी दिल्यावर तो रुग्ण खरोखर गेला की नाही, हे पाहणे त्याहून महत्त्वाचे. एका वहीत नाव लिहून पंधरा दिवसांनी एक फोन करणे हेच खरे जागरण होय. अनेकजण पैशाच्या धास्तीने मागे फिरतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे, हे त्यांना त्याच वेळी कळले तर पाऊल पुढे पडते.

संध्याकाळी रांगेत पन्नास रुग्ण असताना हे कसे जमावे, असा डॉक्टरांचा सवाल असतो आणि तो रास्त आहे. म्हणूनच हे ओझे एकट्या डॉक्टरवर टाकून चालणार नाही. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या स्थानिक शाखा, महिला मंडळे, गृहनिर्माण संस्था यांनी वाटा उचलला पाहिजे. डोंबिवलीने गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा घालून दिली आणि ती पुढे महाराष्ट्रभर पसरली. ज्या शहरात ही संघटनशक्ती आहे, त्या शहराला सोसायटीच्या सभागृहात महिन्यातून एका दुपारी स्त्री डॉक्टरांसह पंधरा-वीस महिलांची बैठक भरवणे अवघड नाही. चित्ररथ वर्षातून एकदा निघतो. अशी बैठक वर्षभर चालू शकते.

एक सावधगिरीही हवी. जागृतीच्या नावाखाली ‘संपूर्ण शरीर तपासणी’ची पॅकेजे विकणाऱ्या जाहिराती हल्ली पदोपदी दिसतात. निरोगी माणसाच्या सरसकट चाचण्यांनी हितच होते, असे नाही. दक्षिण कोरियात गळ्याच्या सोनोग्राफीचे पेव फुटले, तेव्हा थायरॉईड कर्करोगाचे निदान २०११ पर्यंत १९९३ च्या पंधरापट झाले. त्या रोगाने होणारे मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले. हजारोंच्या वाट्याला अनावश्यक शस्त्रक्रिया आल्या. कोणती तपासणी कोणाला आवश्यक आणि कोणाला नाही, हे सांगण्याचे धैर्य ज्याला पॅकेज विकायचे नाही, त्या घरच्या डॉक्टरातच असते.

ठाण्यात २०२३ साली आनंद दिघे यांच्या नावाच्या कर्करोग रुग्णालयाचे भूमिपूजन झाले. परळच्या टाटा रुग्णालयापर्यंत लोकलच्या गर्दीतून जाणाऱ्या येथील रुग्णांना अशा रुग्णालयाची नितांत गरज आहे. बाहेरगावाहून परळला येणाऱ्या रुग्णांच्या निवासासाठी नाना पालकर स्मृती समितीने चालवलेले कार्य समाजाच्या सेवावृत्तीची साक्ष देते. परंतु रुग्णालय कितीही मोठे असले, तरी त्याच्या पायरीवर रुग्ण कोणत्या अवस्थेत पोहोचतो, हे त्याच्या भिंती ठरवीत नाहीत. ते ठरते कोपऱ्यावरच्या दवाखान्यात आणि त्याही आधी घरात. सेवाकार्यात गुंतलेल्या प्रत्येक कार्यकर्त्याने या महिन्यात आपल्या घरातील चाळिशीपुढच्या एका स्त्रीला, मग ती आई असो, पत्नी असो वा वहिनी, स्वतःहून तपासणीसाठी घेऊन जावे. तिच्या आजाराला पंचांगात पहिली तारीख मिळाली, तरी पुष्कळ झाले.