विश्लेषण : नव्या गाडीचा वास मोजतात कसा?

गाडीला हार घातला, नारळ फुटला, की पहिल्याच फेरीत कुणीतरी म्हणतेच, ‘काय मस्त नवा वास येतोय!’ हा वास असतो डॅशबोर्डचे प्लास्टिक, सीटचा फोम, कव्हर आणि गोंद यांतून सुटणाऱ्या सेंद्रिय रसायनांचा. माल तयार होताना आत अडकलेली द्रावके उन्हात तापलेल्या गाडीत भराभर बाहेर पडतात. त्यांत बेन्झिन आहे की नाही, हे नाकाला कळत नाही.

यंत्राला कसे कळते?

जर्मन वाहन उद्योगाच्या ‘व्हीडीए २७८’ पद्धतीत काही मिलिग्रॅमचा तुकडा काचेच्या नळीत ९० अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवतात. निघालेली वाफ थंड सापळ्यात धरतात. मग तोच तुकडा १२० अंशांवर तासभर तापवतात. आता काचेवर धुरकट थर धरणारी जड रसायने निघतात. सापळा झटकन तापवला की वाफ केसासारख्या बारीक, लांबलचक नळीतून जाते आणि तिच्यातले घटक एकामागून एक बाहेर येतात. पुढे मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने रेणू फुटतात. तुकड्यांच्या वस्तुमानांवरून, बोटांच्या ठशांसारखी, रसायनाची ओळख पटते. टोल्युइनची ठळक खूण ९१ वर, बेन्झिनची ७८ वर.

मग मेख कुठे आहे?

अहवालातला आकडा बहुधा ‘टोल्युइन-तुल्य’ असतो. म्हणजे निघालेले प्रत्येक रसायन टोल्युइनच आहे, असे धरून केलेला हिशेब. दोन फोमची तुलना करायला तो चालतो. पण प्रवाशाच्या श्वासात किती गेले, हे त्यावरून ठरत नाही. शिवाय फॉर्माल्डिहाइड या चाचणीत नीट सापडतच नाही. त्यासाठी वेगळी चाचणी लागते. बेन्झिनप्रमाणे तेही कर्करोगकारक ठरलेले आहे. तेव्हा एकाच चाचणीच्या जोरावर कुणी ‘आमची केबिन सुरक्षित’ म्हणत असेल, तर दुसरा अहवालही मागावा.

ग्राहकाला काय कळते?

चीनने २०११ मध्येच केबिनमधल्या हवेतील आठ रसायनांसाठी मार्गदर्शक मर्यादा ठरवल्या. बेन्झिनसाठी घनमीटरला ०.११ मिलिग्रॅम. आपल्याकडे २०२३ पासून ‘भारत एनकॅप’चे तारे मिळतात. ते अपघातातल्या सुरक्षेचे; केबिनच्या हवेचे नाहीत. मायलेजचा आकडा मात्र जाहिरातीत ठळक असतो. त्याच्या शेजारी हवेचा एक आकडा छापायला जागा कमी पडू नये. तोवर उन्हात उभी गाडी सुरू करताना आधी काचा खाली, मग एसी.