सोनटक्का काय वाईट आहे?

सोसायटीच्या बागेत सोनटक्का नको म्हणणाऱ्यांची कारणं ठरलेली असतात. डास होतात, साप येतात, उन्हाळ्यात गबाळा दिसतो. आमच्या कमिटीपुढे तर तो उपटून पेव्हर ब्लॉक टाकायचा ठरावच आलाय. मी विरोधात मत देणार आहे, आणि ते फक्त वासासाठी नाही. (वासासाठी आहेच, ते वेगळं सांगायला नको!)

डास साचलेल्या पाण्यात अंडी घालतात, झाडात नाही. आमचा सोनटक्का टाकीच्या ओव्हरफ्लोजवळ आहे. आल्या-हळदीच्या कुळातला हा गडी, त्याला ओल लागतेच. ते पाणी आज मातीत मुरतं, उद्या पेव्हर टाकले की पार्किंगमध्ये येईल. मग त्यासाठी वेगळा ठराव!

गबाळेपणाचं मात्र खरं आहे, पण तो दोष आपला. सोनटक्क्याचा जो दांडा एकदा फुलला, तो पुन्हा फुलत नाही. बहर संपला की तो जमिनीलगत कापायचा, म्हणजे गड्ड्यातून येणाऱ्या नव्या कोंबांना जागा मिळते आणि सापाला लपायला अडगळही उरत नाही. वर्षातून एक रविवार सकाळ पुरते. तेवढं कुणी करत नाही, आणि टँकरच्या पाण्यावर लॉन मात्र पोसलं जातं.

हे झाड साधं नाही, हेही मान्य. क्युबाचं राष्ट्रीय फूल असलेला हाच सोनटक्का ब्राझीलमध्ये पाणथळ जागांत पसरून उपद्रवी ठरलाय. म्हणून ओढ्याकाठी नको. भिंत आणि फरसबंदी यांच्यामध्ये तो कुठे जाणार?

नर्सरीत 'बटरफ्लाय जिंजर' नावाने महाग मिळतो, घेऊ नका. ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे गड्डा मागा, ज्याच्याकडे वाढलाय तो आनंदाने देईल. पावसाच्या तोंडावर मोठ्या, रुंद कुंडीत आडवा, डोळा वर ठेवून, जेमतेम झाकेल इतकाच पुरा. सकाळचं ऊन, दुपारी सावली. कुंडीला भोक हवंच. उन्हाळ्यात एसीच्या पाइपखाली बादली ठेवा, तेच पाणी त्याला घाला. कळ्या संध्याकाळी उमलतात, त्यामुळे ऑफिसातून उशिरा आलात तरी चुकत नाही :)