जुना ईसीएम हातचा सोडू नका

गाडी बारा-पंधरा वर्षांची झाली की गॅरेजमध्ये एक वाक्य कधी ना कधी कानावर येतंच: "ईसीएम गेलाय, साहेब." ऐकून पोटात गोळा येतो. नव्या ईसीएमची किंमत पाच आकडी, आणि एवढे पैसे या जुन्या गाडीत घालायचे का, हे विचारायला घरची मंडळी तयारच असतात. स्कॉर्पिओ असो, सफारी असो की इनोव्हा, कॉमन रेल डिझेल इंजिन म्हटलं की वहीएवढा ॲल्युमिनियमचा तो ईसीएमचा डबा आलाच. किती डिझेल, कोणत्या क्षणी, किती दाबानं, हे सगळं तो ठरवतो. तो गप्प झाला की मिस्त्री कितीही नावाजलेला असो, त्याचं काही चालत नाही.

माझी विनंती अशी आहे, की हो म्हणण्याआधी त्या डब्याला करंट नीट मिळतोय का ते स्वतः समोर उभं राहून तपासून घ्या. आणि बदलायची वेळ आलीच, तर जुना डबा कोणालाही देऊन टाकू नका. दोन्ही गोष्टी मी पैसे मोजून शिकलोय.

माझी 2009 सालची डिझेल एसयूव्ही. जुलै महिना होता. आंबा घाट चढताना गाडीनं दोनदा आचके दिले आणि बंद पडली. सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, पण पकडायचं नाही. टोचन करून मलकापुरात आणली, तिथून कोल्हापुरात. गॅरेजमधल्या पोरानं स्कॅनर लावला. स्कॅनर लिंकच होईना. "लिंक होत नाही म्हणजे ईसीएम डेड," त्यानं निकाल दिला. मी खिशातून फोन काढून पैशाची जुळवाजुळव सुरूही केली होती. शेजारच्या टपरीत बसणारे एक वयस्क वायरमन, ज्यांना सगळे मामा म्हणतात, ते चहा संपवून आले आणि म्हणाले, "आधी त्याला जेवायला मिळतंय का बघा की."

मामांनी काय केलं ते नीट वाचा, तुमच्या उपयोगाचं आहे. त्यांनी 21 वॉटचा एक साधा इंडिकेटरचा बल्ब घेतला आणि त्याला दोन वायरी जोडल्या. बॅटरीची केबल काढून ईसीएमचा कपलर सोडवला आणि मग केबल परत लावली. बल्बचं एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं कपलरमधल्या अर्थच्या पिनेला. त्याच जागी मल्टिमीटर 12.4 व्होल्ट दाखवत होता, म्हणजे सगळं ठीक. बल्ब मात्र विझत चाललेल्या निखाऱ्यासारखा लाल मिणमिणला. कारण मल्टिमीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. वायरीतली एक तार शाबूत असली तरी तो पुरे व्होल्ट दाखवून मोकळा होतो. बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. वायरीत किती दम आहे हे त्याच्यासमोर लपत नाही.

अर्थचा बोल्ट बॅटरीच्या ट्रेखाली होता. वर्षानुवर्षं बॅटरीचं पाणी तिथे ओघळलेलं. वायरीच्या तोंडाशी, देवघरातल्या न घासलेल्या तांब्याला येतो तसा, हिरवानिळा कळंक चढला होता. मामांनी जागा पॉलिश पेपरनं चकचकीत केली, नवीन लग दाबला, बोल्ट आवळला, वर ग्रीसचं बोट फिरवलं. पहिल्या सेल्फला गाडी सुरू. त्यांनी दोनशे रुपये घेतले, तेही मी आग्रह केला म्हणून.

सप्लायची बाजूही अशीच तपासायची असते, फक्त एक खुबी आहे. बऱ्याच गाड्यांत मेन रिले ईसीएम स्वतःच ओढतो, म्हणून कपलर काढला की सप्लायची पिन मेलेली दिसते आणि नवशिक्या फसतो. रिलेच्या जागी माहीतगारानं फ्यूज असलेल्या वायरीचा तुकडा टाकून मग बल्ब लावायचा. कोणती पिन कशाची हे वायरिंगच्या नकाशात बघूनच. अंदाजानं टोचाटोची करणाऱ्याच्या हातात कपलर देऊ नका.

जेवण नीट मिळत असूनही डबा मुका असेल, तर अजून एक संशयित उरतो. ईसीएम सेन्सरांना 5 व्होल्ट पुरवतो. एखाद्या सेन्सरची वायर घासून शॉर्ट झाली, किंवा उंदरानं कुरतडली (आमच्याकडे भाताच्या कोठाराशेजारी गाडी लावणाऱ्यांना हे सांगायला नको), की हे 5 व्होल्ट बसतात आणि त्या लाइनीवरचे सगळे सेन्सर एकदम गप्प होतात. अशा वेळी इग्निशन बंद करून सेन्सरचे कपलर एकेक काढायचे, दर वेळी चालू करून मोजायचं. ज्याचा काढल्यावर 5 व्होल्ट परत येतात, तोच चोर. तसंच गाडी तापल्यावर बंद पडते आणि थंड झाल्यावर निमूट सुरू होते, हे लक्षण बऱ्याचदा क्रँक सेन्सरचं असतं. स्कॅनरवर पी0335 आलं तर आधी त्याच्याकडे आणि त्याच्या वायरीकडे वळा. पी0606 मात्र ईसीएमच्या आतल्याच बिघाडाचा कोड आहे. तो आला तरी मामांची बल्बची परीक्षा चुकवू नका.

आता दुसरी गोष्ट. दोन पावसाळ्यांनंतर माझा ईसीएम खरंच गेला. काचेखालच्या जाळीत पिंपळाची पानं साचून पाण्याची वाट बुजली होती, पाणी आत पाझरलं आणि डाव्या बाजूला डॅशबोर्डखाली बसवलेल्या डब्यावर ठिबकत राहिलं. कपलर काढला तर पिना काळ्यानिळ्या, दोन तर खाऊन निम्म्या झालेल्या. इथे दुरुस्तीला वाव असतो, हे लोकांना ठाऊक नसतं. पिना, सुटलेले सोल्डर, वाळलेले कपॅसिटर, इंजेक्टर चालवणारे जळके भाग, हे जाणकार माणूस बदलू शकतो. मुख्य प्रोसेसरच भाजला असेल तर मात्र हात जोडायचे. डबा टेबलावर चालवून दाखवतो, तापवून बघतो, तो माणूस खरा. नुसता वास घेऊन "होऊन जाईल" म्हणणाऱ्याकडे ठेवू नका.

मी दुरुस्तीच्या फंदात पडलो नाही. घाई होती, लग्नसराई होती. "भंगारातल्या गाडीतला बसवतो, तुमचा जुना द्या, दीड हजार कमी करतो," असं एकानं सांगितलं आणि मी दिला. कुर्ल्यापासून दिल्लीच्या मायापुरीपर्यंत भंगाराच्या बाजारात असे डबे मिळतातच. पण तो डबा दुसऱ्या गाडीच्या चावीला बांधलेला निघाला. चावीच्या प्लास्टिकमध्ये एक चिप असते. ईसीएमला ती ओळखीची वाटली नाही तर डिझेल सोडायचं नाही, हा त्याचा नियम. अशा वेळी जुन्या डब्याच्या मेमरीतली माहिती उतरवून नव्यात भरता येते, त्याला क्लोनिंग म्हणतात. माझा जुना डबा तोवर पार्सलमधून कुठे गेला होता देव जाणे. पिना खाल्लेल्या होत्या, पण मेमरी बहुतेक शाबूत असणार. दीड हजारांपायी मी ती घालवली आणि नऊ दिवस एसटीनं हिंडलो.

म्हणून बदलायला जाताना दोन्ही चाव्या सोबत न्या. ईसीएमच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर अक्षरन् अक्षर जुळवून बघा. डबा दिसायला सारखा असला तरी आतलं सॉफ्टवेअर वेगळ्या इंजिनाचं असू शकतं. बऱ्याच कॉमन रेल गाड्यांत प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर अक्षर-आकड्यांचा एक कोड असतो. कारखान्यात मोजलेला तो त्या इंजेक्टरचा स्वभाव. नव्या ईसीएममध्ये तो चारही सिलिंडरसाठी ज्याचा त्याला भरावा लागतो. हे टाळलं की गाडी चालते, पण आयडलला खडखडते, धूर सोडते, आणि मग इंजेक्टर बदला म्हणून नवीन गाणं सुरू होतं. प्रोग्रॅमिंग चालू असताना बॅटरीला चार्जर लावलेला असू द्या. मधेच व्होल्टेज पडलं तर नवाकोरा डबा जागच्या जागी विटेसारखा होतो.

आणि जुना मेला कशानं, हे कळल्याशिवाय नवा बसवू देऊ नका. इंजेक्टरची कॉइल शॉर्ट असेल तर नवा ईसीएम त्याच संध्याकाळी त्याच वाटेनं जाईल. इंजिन बंद ठेवून चारही कॉइल मोजायच्या; रेझिस्टन्स एका ओहमपेक्षाही कमी असतो, पण चारांत फरक पडता कामा नये, आणि बॉडीशी तर एकीचाही संबंध लागता कामा नये. जुन्या मिस्त्रींना सवय असते, चालू इंजिनावर पाइप ढिला करून कोणता सिलिंडर मार खातोय ते बघायची. कॉमन रेलमध्ये आयडललाही अडीचशे-तीनशे बार दाब असतो. ती धार कातडी फोडून आत शिरते. असं करणाऱ्याचा हात धरा, वयाचा मान ठेवून धरा, पण धरा.

"डबा बाहेर आलाच आहे तर पॉवर वाढवून देतो," अशी ऑफर हमखास येते. नको म्हणा.

पैशाचा हिशोब करायचा तर आधी आरसी काढून तारीख बघा. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, नंतर फिटनेस दाखवून पाच-पाच वर्षांनी वाढते. नोंदणीला सहा महिने उरलेत आणि चॅसी गंजलीय, तर नवा ईसीएम घेऊ नका, दुरुस्तीवर भागवा. साध्या विम्यात इलेक्ट्रिकल बिघाड धरत नाहीत, त्या आशेवर राहू नका. पक्कं बिल घ्या, त्यावर डब्याचा सीरियल नंबर आणि "जुना भाग ग्राहकास परत" असं लिहून घ्या. कोणी टाळाटाळ केली तर ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर आहे.

ज्यांची गाडी आज ठणठणीत आहे त्यांच्यासाठीही थोडं काम आहे. बॉडीला वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीची केबल आणि ईसीएमचा कपलर काढायला लावा. इंजिन चालू असताना बॅटरी काढायची नाही. दुसऱ्याच्या बॅटरीवर स्टार्ट मारताना प्लस-मायनस दोनदा बघा. वॉशिंग सेंटरवाल्याला बोनेटच्या आत प्रेशर मारू देऊ नका. जाळीतली पानं मे महिन्यात काढा.

आणि इंजिन थंड असताना टॉर्च, छोटा आरसा घेऊन बोनेट उघडा. ईसीएमच्या स्टिकरचा (डबा डॅशबोर्डखाली असेल तर तिथे वाकून) आणि चारही इंजेक्टरच्या कोडांचा फोटो काढून ठेवा, कोणता कितव्या सिलिंडरचा ते लिहून. माझ्या तिसऱ्या इंजेक्टरचा कोड तेलकट धुळीनं भरला होता. जुन्या टूथब्रशनं घासला तेव्हा कुठे वाचता आला, आणि आरशात उलटा दिसत असल्यामुळे पहिल्या वेळी चुकीचाच लिहिला.