देवासच्या कारकुनांची पत्रं

माझा भाचा पीथमपुरला गाड्यांच्या कारखान्यात आहे. गेल्या हिवाळ्यात त्याच्याकडे गेलो होतो. पीथमपुर म्हणजे शेडमागून शेड, ट्रक आणि धूळ. १९८०च्या दशकात वसलेली औद्योगिक नगरी, तिथे इतिहास कोण शोधणार? पण जिल्हा धार, आणि धार म्हटलं की पवार आलेच. दुसरा बाजीराव जन्मला तो धारच्या किल्ल्यात, १७७५ साली.

भाच्याचा एक सहकारी देवासचा. आडनाव आपलं, बोलणं हिंदी. त्याच्या घरी जेवायला गेलो, तर जेवणानंतर त्याच्या आजींनी ट्रंक उघडायला लावली. आत मोडीतले कागद, हिशेबाच्या वह्या आणि पगडीवाल्या पुरुषांचा एक ग्रुप फोटो. आजींचे आजेसासरे थोरल्या पातीत कारकून होते. (देवास म्हणजे एका गावात दोन राजे, दोन दरबार. थोरली पाती आणि धाकटी पाती.) मोडी घरात कुणालाच येत नाही. मलाही येत नाही, हे लाजत कबूल केलं.

याच थोरल्या पातीत १९२१ साली ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार महाराजांचा खासगी चिटणीस होता, तोही काही महिनेच. त्याने आईला आणि इतरांना लिहिलेली पत्रं जपली गेली. त्यांतूनच १९५३ साली 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक झालं. आज जगाला देवासचा दरबार दिसतो तो मुख्यतः या पाहुण्याच्या डोळ्यांनी. दोष त्याचा नाही. त्याच्या घरच्यांनी पत्रं ठेवली, आपल्या लोकांनी ट्रंकेत टाकली किंवा रद्दीत घातली. जन्मभर त्या दरबारात लेखणी घासणाऱ्या मराठी कारकुनांनी घरी काय लिहिलं असेल? मी स्वतः कारकून, म्हणून मला हे जरा जास्तच लागलं.

'द्या की एखाद्या संस्थेला' असं कुणी म्हणेल. संस्थांबद्दल मला आदर आहे. पणजीच्या पुराभिलेखात पिसुर्लेकरांनी आयुष्य घातलं, राजवाडे दप्तरांसाठी गावोगाव हिंडले. पण सरकारी दप्तरात फाईल किती वर्षं ठेवायची हे ठरलेलं असतं, आणि तिच्यात हुकूम असतो, माणूस नसतो. या पीथमपुरचंच बघा. २०२५च्या जानेवारीत भोपाळच्या युनियन कार्बाइडचा ३३७ टन विषारी कचरा इथे आणला. लोक रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी तो जाळलाही. टनांचा आकडा फाईलीत राहील. रस्त्यावर कोण उभं होतं, घरात काय बोलणं झालं, ते कोण लिहून ठेवणार? आणि शेडच्या आधी इथे ज्यांची शेतं होती त्यांच्याकडे तर ट्रंकही नसेल, तोंडी सांगणंच.

म्हणून माझं म्हणणं असं की कागद पुण्याला किंवा भोपाळला पाठवायची घाई नको. आधी त्या कागदांशेजारी बसलेल्या आजींना विचारा. कागद पन्नास वर्षं थांबेल (आमच्या गोव्यात वाळवी तेवढंही थांबू देत नाही, माझ्या आजोबांच्या वह्यांचा तिने भुगा केला आणि आम्ही तो झाडून टाकला). आजी थांबणार नाहीत. मग कागदांचे फोटो काढा, गंजलेल्या टाचण्या काढा, आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. मूळ कागद कुठे द्यायचा हे नंतर सावकाश ठरवता येतं.

त्या दुपारी भाच्याने मोबाइलवर चाळीस मिनिटं आजींचं बोलणं टिपलं. मध्ये कुकरच्या शिट्ट्याही आहेत. लग्न होऊन आल्या तेव्हा फोटोतले काही म्हातारे जिवंत होते, त्यामुळे बोट ठेवून त्या नावं सांगत गेल्या. एकावर थबकून म्हणाल्या, "हा धाकट्या पातीतला. आमच्या फोटोत कसा घुसला कोण जाणे!" चौदांपैकी नऊ नावं आम्ही मागे पेन्सिलीने लिहिली. पाच राहिली. इंदूरला त्यांची एक मैत्रीण आहे, तिला ठाऊक असतील म्हणाल्या. भाच्याला सांगून ठेवलंय, पुढच्या रविवारी फोटो घेऊन जा.