वाण्याने काय विकावे?

पुण्याच्या जुन्या पेठांतून सहज फेरी मारली तरी पूर्वी जेथे किराणा मालाचे दुकान होते तेथे आज मोबाइलचे किंवा तयार कपड्यांचे दुकान थाटलेले दिसते. जे वाणी उरले आहेत ते दोन वैऱ्यांची नावे घेतात. एक डी-मार्टसारखी मोठी भांडारे आणि दुसरे, दहा मिनिटांत माल घरपोच करण्याची हमी देत बाजारात उतरलेल्या कंपन्या. सरकारने ह्यांस आवर घालावा, अशी व्यापाऱ्यांच्या संघटनांची मागणी आहे. भांडवलाच्या जोरावर तोटा सोसून माल विकायचा आणि लहानांस बुडवायचे, हा प्रकार जेथे होत असेल तेथे त्याची चौकशी झालीच पाहिजे, ह्याविषयी आमचे दुमत नाही. परंतु चौकशीचा निकाल लागेपर्यंत गाळ्याचे भाडे थांबत नाही. तोवर दुकानदाराने काय करावे?

एक गोष्ट त्याने मुळीच करू नये, ती म्हणजे भावाची चढाओढ. डी-मार्टचे पहिले भांडार २००२ साली पवईत निघाले. त्याच्या स्वस्ताईत जादू काही नाही. जागा शक्यतो स्वतःच्या मालकीची, म्हणून भाड्याचा बोजा कमी; पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते, म्हणून त्याजकडून सवलत अधिक; आणि माल भराभर हलणारा. दहा बाय पंधराच्या गाळ्यात ह्यांतील काय साधणार? तरीही आमचे दुकानदार दारावर ‘पाच टक्के सूट’ अशी पाटी लावतात तेव्हा आम्हांस आमचे मास्तरकीचे दिवस आठवतात. शंभर रुपयांच्या साबणात दहा रुपये सुटत असतील आणि त्यांतले पाच सोडले, तर पूर्वीइतकीच मिळकत होण्यास साबण दुप्पट विकला पाहिजे. नफातोट्याचे हे उदाहरण शाळकरी मुलगाही सोडवील. तेवढी गिऱ्हाइके त्या गल्लीत आहेत तरी कोठे?

छापील किमतीचा बंद पुड्यातील माल सर्वत्र तोच. वेगळेपण दाखवायचे ते सुट्या मालात, आणि खरे म्हणजे मालाच्या माहितीत. आंबेमोहोर तांदळाचेच पाहा. हे पीक तयार होण्यास वेळ घेते, रोगास लवकर बळी पडते आणि उतारा कमी देते. त्यामुळे खरा माल थोडा व मागणी फार. परिणामी त्याच्यासारखा दिसणारा परप्रांतीय तांदूळ त्याच नावाने खपतो. फोनच्या पडद्यावर दोन्ही सारखेच पांढरे! दाणे तळहातावर चोळून वास दाखविणारा आणि ‘हा नवा आहे, पाणी बेताने घाला’ असे सांगणारा माणूस पडद्यामागे नसतो, तो वाण्याच्या गादीवर असतो. निदान पूर्वी असे. मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीस भौगोलिक मानांकन मिळाले आहे, परंतु आपल्या दुकानातील ज्वारी कोठली, असे विचारले तर ‘चांगली आहे, घेऊन जा’ एवढेच उत्तर मिळते. धान्याच्या प्रत्येक पोत्यावर एक पाटी असावी आणि तिच्यावर गाव, जुने की नवे आणि भाव लिहावा. ह्याला खडूखेरीज भांडवल लागत नाही.

तीच गोष्ट वजनाची. इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी सरकारी पडताळणी करून घ्यावी लागते. तिचे प्रमाणपत्र देवाच्या तसबिरीमागे न दडविता दर्शनी भागी टांगावे आणि काट्यावरचे आकडे गिऱ्हाइकाकडे वळवावेत. गिऱ्हाइकाशी बोलताना मान वर करावी, हे सांगण्याची पाळी येऊ नये. पण पुण्यात ती येते. दुपारची विश्रांती आम्हांस मान्य आहे. मात्र नोकरीवरून परतणारी गृहिणी रात्री आठ वाजता दाराशी यावी आणि फळी निम्मी खाली आलेली असावी, हा व्यवहार नव्हे.

आमच्या वाचकांचाही ह्यात भाग आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, मागविलेला माल दिवसचे दिवस येईना, तेव्हा ह्याच वाण्याने वहीत मांडून घरोघर पीठमीठ पोचविले. त्यानंतर महिन्याची यादी पुन्हा भांडारात गेली आणि त्याच्या वाट्यास उरली हिंगाची डबी. केवळ उपकारापोटी महाग माल घ्यावा, असे आम्ही कोणास सांगणार नाही. परंतु येत्या दिवाळीच्या आधी चकलीच्या भाजणीचे जिन्नस, म्हणजे तांदूळ, हरभऱ्याची, उडदाची व मुगाची डाळ, पोहे, धने, जिरे, प्रमाणात मोजून एका पिशवीत बांधून देण्यास आपल्या वाण्यास सांगून पाहावे. त्याला ते प्रमाण ठाऊक नसेल तर आपल्या आईचे त्यास लिहून द्यावे. पुढच्या गिऱ्हाइकाच्या वेळी तो विचारावयास येणार नाही.