घुबडाचें साहाय्य आणि त्याचा हिशेब

खेळांत प्राण्यांस स्थान देण्याची चाल आमच्याकडे जुनी आहे. बुद्धिबळाच्या पटावर हत्ती, घोडा व उंट लढतात. वाघबकरींत वाघ बकरी खातो आणि बकऱ्या मिळून वाघास कोंडतात. परंतु या खेळांत जनावर हें स्वतः मारणारें किंवा मरणारें असतें. जें स्वतः मारीत नाहीं, पण ज्याच्यामुळें दुसऱ्याचा वार लागतो, असें जनावर आम्हांस प्रथम भेटलें तें एका परदेशी खेळांत. दिवाळीच्या सुटींत नातवंडें सानगडीस आलीं आणि चार दिवस ओसरीवर तोच खेळ मांडून बसलीं. त्या खेळांतील एका घुबडाविषयीं वाचकांशीं चार शब्द बोलावे, असा या वेळचा हेतु आहे.

खेळाचें नांव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. सन १९७४ मध्यें अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या दोघांनीं तो प्रसिद्ध केला; पांचव्या आवृत्तीचे नियम २०१४ सालीं निघाले व २०२४ सालीं सुधारले गेले. यांत एक जण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो. बाकीचे एकेका पात्राचें सोंग घेऊन 'मी आतां असें करितों' म्हणून बोलतात. कृत्य सिद्धीस गेलें कीं नाहीं हें वीस पैलूंचा फांसा ठरवितो. आमच्या थोरल्या नातवानें सूत्रधारकी पत्करली आणि गांवच्या किल्ल्याखालीं एक मायावी भुयार कल्पून त्यांत राक्षस बसविले. झाडीपट्टींत दंडार पाहून वाढलेल्या माणसास सोंगाचें नवल वाटावयाचें नाहीं. येथें फरक इतकाच कीं प्रेक्षक कोणीच नसतो, सारेच नट.

या खेळांतील मांत्रिकास पहिल्याच पायरीवर एक मंत्र शिकतां येतो. दहा सुवर्णमुद्रांचा धूप जाळून एक तास अनुष्ठान केलें म्हणजे एक अशरीरी सत्त्व प्राण्याचें रूप घेऊन सेवेस हजर होतें. मांजर, बेडूक, ससाणा, डोमकावळा, यांपैकीं हवें तें रूप निवडावें. इंग्रजींत यास 'फॅमिलियर' म्हणतात. या शब्दामागें मोठें दुःख आहे. इंग्लंडांत सोळाव्या व सतराव्या शतकांत असा प्राणी बाळगल्याचा आरोप आला, कीं गरीब म्हातारी चेटकीण ठरे. दुष्ट पिशाचास खाऊं घालणें हाहि १६०४ च्या कायद्यानें गुन्हा होता. त्याच प्राण्यास या खेळानें मित्र केलें, हें आम्हांस बरें वाटलें.

दहा वर्षांची धाकटी नात मांत्रिक झाली व तिनें घुबड निवडलें. आमच्या वडील भगिनी म्हणाल्या, "दिवाळीच्या दिवसांत घरांत घुबडाचें नांव नको गं बाई." तेव्हां त्याचें नामकरण 'पिंगळा' असें झालें. पिंगळा हाहि घुबडांच्याच कुळांतला. पण नांव कानाला गोड, म्हणून तक्रार मिटली.

आतां नियम पाहूं. या प्राण्यास लढाईंत वार करण्याची मनाई आहे, परंतु साहाय्य करण्याची मुभा आहे. शत्रूपासून पांच फुटांच्या आंत जाऊन त्यानें क्षणभर त्याचें लक्ष विचलित केलें, म्हणजे त्या शत्रूवर सोबत्याचा जो पुढचा वार होईल त्यास एकाऐवजीं दोन फांसे टाकावयास मिळतात, आणि दोहोंतील मोठा आंकडा धरितात. घुबड एका पाळींत साठ फूट उडतें, आणि शत्रूच्या टप्प्यांतून निघून जातांना त्यावर आयता वार करतां येत नाहीं. म्हणून तीस फुटांवरून यावें, डोळ्यांपुढें फडफडावें आणि तीस फूट दूर निघून जावें, ही त्याची युद्धनीति.

दोन फांशांनीं लाभ किती? वार लागण्यास अकरा किंवा अधिक हवे असतील, तर एका फांशानें शंभरांत पन्नास वेळां यश येतें व दोन फांशांनीं पंचाहत्तर वेळां. सोळा हवे असतील तर पंचविसांचे सुमारें चव्वेचाळीस होतात. वीसच हवे असतील तर पांचांचे जेमतेम दहा. म्हणजे जेथें पारडें अगदीं समतोल असतें, तेथेंच साहाय्याची किंमत सर्वांत अधिक. अशक्यप्राय कामीं वा हातच्या मळासारख्या कामीं ती कमी. हें गणित मुलांनीं पाटीवर स्वतः करून पाहिलें.

साहाय्य कोणास द्यावें, हाहि विचार आहे. जो एका पाळींत अनेक वार करितो त्यास फक्त पहिल्या वारापुरता उपयोग. जो बेफाम होऊन स्वतःच दोन फांशांचा हक्क मिळवितो त्यास कांहींच नाहीं, कारण असे दोन हक्क एकत्र होत नाहींत. खरा उपयोग होतो तो ज्याचा एकच वार पण भारी असतो त्यास. मुलें अशा पात्रास 'रोग' म्हणतात. हा आपला व्याधिवाचक रोग नव्हे, लुच्चा या अर्थाचा इंग्रजी शब्द आहे. दोन फांशांचा हक्क मिळाला कीं त्याचा घाव अधिक खोल जातो.

इतकें असून पहिल्या रात्रीं घरांत रुसवा झाला. खेळ संपल्यावर कोणीं किती राक्षस मारले याची मोजदाद झाली. एका नातवाचे सात, दुसऱ्याचे पांच, नातीचा एक आणि पिंगळ्याच्या नांवें शून्य. "घुबड सोड, त्यापेक्षां आगीचा मंत्र घे," असा दादांनीं सल्ला दिला. पोर कांहीं बोलली नाहीं. पण दुसऱ्या दिवशीं ती घुबड सोडणार हें तिच्या तोंडावरून दिसत होतें.

आम्हीं उपदेश केला नाहीं, एक युक्ति सांगितली. साहाय्याच्या वेळीं पहिला फांसा तांबडा टाकावा व दुसरा पांढरा. तांबडा चुकला व पांढरा लागला, तर तो वार पिंगळ्याच्या खात्यावर लिहावा. अकरांची गरज असतां वीस साहाय्यांत सरासरी पांच वार असे पडावयाचे. दुसऱ्या दिवशीं सात राक्षसवाल्याचे सहा वार लागले; त्यांतील तीन पांढऱ्या फांशाचे निघाले. तो वही घेऊन बराच वेळ बसला आणि मग नातीस म्हणाला, "उद्यां पिंगळा माझ्याकडे आधीं पाठव हं." घुबड राहिलें.

आमच्या पुराणग्रंथांत असे साहाय्यक कमी नाहींत. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांतील एकशें आठवें सूक्त म्हणजे सरमा व पणि यांचा संवाद. इंद्राच्या या कुत्रीनें शस्त्र धरलें नाहीं. लपविलेल्या गाईंचा माग काढला व पणींनीं बहीण म्हणून भुलविलें तरी ती फितली नाहीं. वनपर्वांत हनुमान भीमास वचन देतो कीं आपण अर्जुनाच्या ध्वजावर बसून गर्जना करूं व शत्रूंचें धैर्य खचवूं. वार करावयाचा तो अर्जुनानें. हनुमानानें फक्त शत्रूचें चित्त ढळवावयाचें. आमच्या पिंगळ्याचें काम याहून निराळें नाहीं.

एका गोष्टीस मात्र आमची हरकत आहे. घुबडाचें बळ अवघा एक गुण. एका फटक्यांत तें नाहींसें होतें. तास खर्चून व दहा मुद्रा जाळून तें पुन्हां बोलावतां येतें, म्हणून मुलें त्यास बेधडक राक्षसाच्या तोंडीं देतात. नियमाप्रमाणें यांत चूक नाहीं. परंतु जो सोबती परत येणार हें ठाऊक आहे, त्याच्याविषयीं मन निबर होऊं लागतें. युधिष्ठिरानें स्वर्गाच्या दारीं कुत्र्यास सोडण्याचें नाकारलें, तेव्हां तो कुत्रा म्हणजे धर्म आहे हें त्यास ठाऊक नव्हतें. आम्हीं ही कथा सांगितली. तिसऱ्या दिवशीं नातीनें, पिंगळा पडण्याचा संभव दिसतांच, त्यास मागें बोलावून घेतलें व एक राक्षस निसटूं दिला. भाऊ चिडले, ती हटली नाहीं. कोणाचें बरोबर, हें आम्ही सांगितलें नाहीं.

ज्यांच्या घरीं हा खेळ येईल त्यांनीं फांशांचा आवाज ऐकून मुलांस उठवूं नये. जवळ बसून एक वही करावी आणि तींत साहाय्याचा रकाना ठेवावा. एकत्र कुटुंबांत ज्यांच्या हातून कोणतेंहि कार्य 'माझें' म्हणून होत नाहीं, पण ज्यांच्यावांचून एकहि कार्य पार पडत नाहीं, अशीं माणसें प्रत्येक घरीं आहेत. त्यांचा रकाना कोणत्या वहींत आहे, हेंहि त्या निमित्तानें वडील मंडळींनीं पाहावें. इत्यलम्।