अकराव्या महिन्याचा पाहुणा

डिलाईल रोड, सातरस्ता, करी रोड आणि आर्थर रोड नाक्याच्या आसपास ज्यांनी घर भाड्याने दिलंय आणि जे भाड्याने राहतात, त्या सगळ्यांसाठी

ब्रोकर मंडळींनी आपल्याला काय काय दाखवलं, ते तुम्हाला नव्याने सांगायला नको. डिलाईल रोडचं 'लोअर परळ' करून झालं, पुढे कुणाला तेही खालचं वाटलं म्हणून जाहिरातीत 'अप्पर वरळी' झालं. ना. म. जोशी मार्ग हे नाव तर फक्त पोस्टमनला आणि आपल्याला माहीत. २०१८ च्या जुलैत स्टेशनाजवळचा पूल बंद झाला, तो पुरता सुरू व्हायला २०२३ चा नोव्हेंबर उजाडला, पण त्या पाच वर्षांतही व्हॉट्सअ‍ॅपवर आपण स्टेशनपासून 'टू मिनिट्स वॉक'च होतो. 'व्हेज ओन्ली', 'बॅचलर नको', 'मराठी पार्टी असेल तर ओनरला विचारून सांगतो', हेही ऐकून झालं. त्यावर कधीतरी वेगळं पत्रक काढू. हे पत्रक एकाच गोष्टीसाठी आहे. घर तेच, माणसं तीच, भांडी आहेत त्याच मांडणीवर, आणि तरी दर अकरा महिन्यांनी पुन्हा मागितली जाणारी दलाली. तिला 'रिन्यूअल' म्हणतात.

आमच्या चाळीत सगळे ज्यांना मावशी म्हणतात, त्यांची ही गोष्ट. गिरण्या चालू होत्या तेव्हा मावशी खानावळ चालवायच्या. दोन पाळ्यांचे मिळून बावीस गडी जेवायला. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, जेवणारे एकेक करून गावाला गेले, बरेचसे परत आलेच नाहीत. खानावळ बसली. चाळ पडली, इमारत उभी राहिली, मावशींना वर ३०० चौरस फुटांचं घर मिळालं. त्या आता डोंबिवलीला मुलाकडे राहतात आणि हे घर भाड्याने देतात. महिना ३२,००० रुपये, डिपॉझिट एक लाख. हीच त्यांची पेन्शन.

पहिल्या वेळी ब्रोकरने दोन मुलं आणली. गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या ऑफिसांत कामाला, सरळमार्गी पोरं. मावशींनी एक महिन्याचं भाडं दलाली दिली, मुलांनी एक महिन्याचं दिलं. कुणी कुरकुर केली नाही. मग करार नोंदवायला एक मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन आला. मावशींचा अंगठा काही उठेना. तीस वर्षं भाकऱ्या थापून आणि परातीतलं पीठ मळून त्या अंगठ्यावरच्या रेषा पुसल्या आहेत. "मावशी, अंगठा जरा कपाळावर घासा," तो म्हणाला. कपाळावर घासला, पदराला पुसला, पुन्हा घासला. सातव्या खेपेला यंत्र हिरवं झालं. या कामाचे पैसे वेगळे, तेही दिले.

अकरावा महिना लागला तसा फोन. "मावशी, रिन्यूअल आलंय. पार्टी राहतेय. नेहमीप्रमाणे एक महिना."

"कसला एक महिना?"

"ब्रोकरेज."

"अरे, पोरं तीच, घर तेच. तू आणलंस काय या खेपेला?"

"मावशी, सिस्टम आहे."

मावशींनी नाही म्हटलं. आठवड्याभरात ब्रोकरचा पुन्हा फोन: पार्टी घर सोडतेय, त्यांना मोठं घर हवंय. वाईट वाटलं, पण मावशी गप्प बसल्या. मुलं गेली. घर दोन महिने रिकामं राहिलं, म्हणजे ६४,००० रुपये बुडाले. मग एका संध्याकाळी मावशी मेंटेनन्स भरायला आल्या असताना वडापावच्या गाडीपाशी त्यातलाच एक मुलगा भेटला. म्हणाला, "मावशी, तुम्ही घर विकायला काढलंत ना? आम्हाला तसं सांगितलं म्हणून आम्ही हललो." तीन इमारती पलीकडे हलले होते. ब्रोकर तोच. तिथे नवा मालक, नवा करार, दोन्हीकडून नवी दलाली.

एका खोटेपणाबद्दल हे पत्रक नाही. असा एखादा खोटारडा कुठल्याही धंद्यात निघतो. प्रश्न असा की हे खोटं बोलणं त्याला परवडलं कसं? परवडलं, कारण ही पद्धतच तशी आहे. भाडेकरू एका घरात सुखाने पाच वर्षं राहिला तर यात ब्रोकरचं नुकसान आहे. तो दर अकरा महिन्यांनी हलला, निदान हलायच्या बेतात आला, की फायदा. घरमालकाला स्थिर भाडेकरू हवा, भाडेकरूला स्थिर छप्पर हवं, आणि दोघांच्या मध्ये बसलेल्या माणसाचं पोट दोघांच्या अस्थिरतेवर चालतं.

आता जरा शांतपणे हिशेब करू. ३२,००० प्रमाणे अकरा महिन्यांचं भाडं ३,५२,०००. त्यावर दोन्ही बाजूंची मिळून दलाली ६४,०००. म्हणजे भाड्याच्या १८ टक्क्यांहून जास्त. याच करारावर सरकार काय घेतं? मुद्रांक शुल्क पाव टक्का. ते भाडं आणि डिपॉझिटवरचं दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर, म्हणजे साधारण ९०० रुपये. नोंदणी फी १,०००. मिळून १,९०० च्या आसपास. ज्या सरकारला आपण उठता-बसता शिव्या घालतो, त्याच्यापेक्षा हा माणूस तेहतीस पटींहून जास्त घेतो. सोसायटीचं बघा. भाड्याने दिलेल्या घरावर सोसायटी जे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते, त्यांना राज्य सरकारने २००१ मध्येच सेवा शुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली. सोसायटीची लिफ्ट आहे, वॉचमन आहे, पाण्याची टाकी आहे, तरी मर्यादा. ब्रोकरला मर्यादा नाही. 'एक महिना' हा दर कायद्याने ठरवलेला नाही. तुम्ही आणि मी मान डोलावतो म्हणून तो दर आहे.

काही जण लगेच म्हणतील, रेरा आहे ना! ब्रोकरच्या कार्डावर नंबर छापलेला असतो. छापलेला असू दे. २०१६ चा कायदा, त्यातली एजंटांची नोंदणी १ मे २०१७ पासून, आणि आता तर एजंटांना परीक्षाही द्यावी लागते. पण कलम ९ नीट वाचा. ती नोंदणीची सक्ती बिल्डर स्वतः विकत असलेल्या नोंदणीकृत प्रकल्पातल्या घरांपुरती आहे. मावशींचं घर भाड्याने लावून देणं त्यात बसत नाही. तुमचं जुनं घर तुम्ही विकायला काढलंत तर तेही बसत नाही. म्हणजे कार्डावरच्या नंबराचा तुमच्या कामाशी संबंध, खानावळीच्या भिंतीवरच्या लक्ष्मीच्या फोटोचा आमटीच्या चवीशी जेवढा, तेवढाच.

आणि मुळात हे अकरा महिने आले कुठून? १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. नोंदणी चुकवायची म्हणून लोक एक महिना कमी लिहीत. हुशारी होती, त्या काळापुरती. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० ला लागू झाला आणि त्याच्या कलम ५५ ने ही हुशारी निकालात काढली: करार एका महिन्याचा असो की पाच वर्षांचा, लेखी हवा आणि नोंदवायलाच हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. न नोंदवल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे अकरा महिने लिहून आता काहीच वाचत नाही. पाव टक्क्याचं मुद्रांक शुल्क साठ महिन्यांपर्यंतच्या करारालाही तेच लागतं. कारण मेलं, रूढी जिवंत राहिली, आणि दर अकरा महिन्यांनी तिचं श्राद्ध ब्रोकर घालतो, आपल्या पैशाने.

आता ते आक्षेप, जे ऐकून डोकं तापतं.

पहिला, "जास्त वर्षांचा करार केला तर भाडेकरू घर बळकावेल." ही भीती आपल्या आजोबांच्या वेळची आहे आणि त्या वेळी ती खरी होती. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी गोठली. पुढे १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्स करारावर घरात राहत असलेले लोक कायद्याने भाडेकरूच ठरले. ज्यांची घरं गेली, त्यांच्या पोरांना भीती वाटणारच. पण २००० पासून कलम २४ आहे. मुदत संपली की घर रिकामं करून द्यायचं, नाही दिलं तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज, आणि अडून राहिलेल्या दिवसांचं भाडं दुप्पट दराने वसूल. लेखी करार हाच तिथे निर्णायक पुरावा. हे संरक्षण अकरा महिन्यांच्या कराराला जेवढं, तेवढंच छत्तीस महिन्यांच्या कराराला. ब्रोकर हे तुम्हाला सांगत नाही. तुमची भीती गेली तर त्याचा फोन कशाला उचलाल?

दुसरा, "भाव वाढतात, तीन वर्षं भाडं अडकून पडेल." अहो, करारात वाढ लिहा! पहिल्या वर्षी ३२,०००, दुसऱ्या वर्षी ३३,६००, तिसऱ्या वर्षी ३५,२८०. एक महिन्याच्या नोटिशीने कुणालाही बाहेर पडता येईल असंही लिहा. अशा छत्तीस महिन्यांच्या कराराला मुद्रांक आणि नोंदणी मिळून ४,१०० रुपयांच्या आत-बाहेर, एकदाच. अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार केलेत तर सरकारला ५,७०० आणि ब्रोकरला दोन्ही बाजूंचे मिळून १,९२,०००. त्यातले पहिले ६४,००० त्याने पायपीट केली म्हणून समजू. उरलेले १,२८,००० कशाचे?

तिसरा आक्षेप सर्वांत लाडका: "त्यालाही पोट आहे." आहे ना. घर दाखवायला चार वेळा चार मजले चढला, त्याचे पैसे आनंदाने द्या. मावशींनीही दिले. लग्न जमवणाऱ्या मध्यस्थाला आपण बिदागी देतो, पण तो दर लग्नाच्या वाढदिवसाला दारात उभा राहिला तर काय म्हणाल? वर हा मध्यस्थ वधूपक्षाकडूनही घेतो आणि वरपक्षाकडूनही. धंद्यात 'साइड-बाय-साइड' म्हणतात ते वेगळं: मालकाचा ब्रोकर मालकाकडून घेतो, भाडेकरूचा भाडेकरूकडून. तिथे निदान कोण कुणाचा हे कळतं. इथे एकच माणूस मालकाला "मी तुमचा" म्हणतो आणि जिना उतरून भाडेकरूला "मी तुझा." वकिलाला असं करता येत नाही.

"काही वाद झाला तर ब्रोकर मध्ये पडतो," हे चौथं. मावशींच्या मोरीचा पाइप गळून खालच्या मजल्यावर पाणी उतरलं, तेव्हा याने चार दिवस फोन उचलला नाही. रिन्यूअलच्या वेळी मात्र रोज तीन फोन.

विक्रीच्या वेळच्या दोन-दोन टक्क्यांबद्दल आणि "तुमचे नेट किती ते सांगा, वरचं आमचं" या लाघवी वाक्याबद्दल इथे लिहीत नाही. जागा पुरणार नाही. एवढंच सांगतो, 'नेट' सांगू नका.

मावशींना मी हा सगळा हिशेब वाचून दाखवला. त्यांनी ऐकून घेतलं आणि जुनी आठवण काढली. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. तोवर किराणा भरायला सावकाराचं कर्ज आणि त्यावर न संपणारं व्याज. मंडळामुळे बायकांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं. मावशी म्हणाल्या, "सावकार बरा म्हणायचा रे. तो आधी पैसे द्यायचा, मग व्याज मागायचा."

तर आम्ही केलंय ते एवढंच. आमच्या मंडळाच्या खोलीत एक दोनशे पानी वही ठेवली आहे. डावीकडच्या पानावर कुणाचं घर रिकामं आहे ते, उजवीकडे कुणाला हवंय ते. संध्याकाळी साडेसात ते नऊ. पुनर्विकासासाठी चाळ रिकामी करून तात्पुरतं घर शोधणारी जवळपासची कुटुंबंही लिहून जातात. आपल्या बीडीडीच्या ३२ चाळींतले लोक तर हक्काने या. दलाली नाही, चहाचेही पैसे नाहीत. कराराचा मराठी मसुदा वहीत चिकटवलाय, उतरवून घ्या. नोंदणी सरकारच्या संकेतस्थळावरून होते. ज्यांना जमत नाही त्यांना आमच्यातली कॉलेजची मुलं शिकवतात. ब्रोकरमार्फत घर घ्यायचं-द्यायचं असेल तर त्या दिवशीच त्याच्याकडून एक ओळ लिहून घ्या: 'या व्यवहाराची दलाली एकदाच, नूतनीकरणाला दलाली नाही.' सही करायला तो कां-कूं करेल. तो करतोय ते बघत उभे राहा.

मावशींच्या घरात मागच्या आठवड्यात नवे भाडेकरू आले, वहीतूनच. नवरा-बायको आणि एक लहान मुलगी. छत्तीस महिने. अंगठ्याचं यंत्र या खेपेला पाचव्या वेळी हिरवं झालं.

पत्रक वाचून झालं की जिन्याखाली मीटरच्या पेटीशेजारी चिकटवा. फाडलेलं दिसलं तर दुसरं मागून न्या, भरपूर छापली आहेत.